मोजणारा कोण, यावर ठरते बेघरांची संख्या

दिल्लीत रात्री उघड्यावर झोपणारी माणसे किती, या साध्या प्रश्नाची गेल्या पंचवीस वर्षांत किमान पाच उत्तरे मिळाली आहेत. ‘आश्रय अधिकार अभियान’ या संघटनेने २००० साली केलेल्या गणनेत ५२,७६५ माणसे आढळली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेने २४,९६६ हा आकडा दिला. ‘इंडो-ग्लोबल सोशल सर्व्हिस सोसायटी’ने २००८ साली ८८,४१० माणसे मोजली. २०११ च्या जनगणनेत ती ४६,७२४ भरली आणि २०१४ साली दिल्लीच्या नागरी निवारा मंडळासाठी झालेल्या पाहणीत अवघी १६,७६० उरली. सहा वर्षांत दिल्लीतील सुमारे बहात्तर हजार निराधारांना घरे मिळाली, असा दावा कोणत्याही सरकारने केलेला नाही. एवढा मोठा पराक्रम झाला असता, तर त्याचे फलक चौकाचौकांत लागले असते.

या आकड्यांपैकी खरा कोणता, यावर वाद घालून हाती फारसे लागत नाही. प्रत्येक गणनेची तारीख वेगळी, पद्धत वेगळी आणि बेघर कोणाला म्हणायचे याची समजूतही वेगळी. दिल्लीतील अनेक बेघर पुरुष लग्नसराईत वाढप्याचे किंवा वरातीत दिवे धरण्याचे काम करतात. त्या दिवसांत त्यांचा मुक्काम मांडवामागे किंवा भटारखान्याजवळ असतो. एकट्या स्त्रिया रात्री एका जागी झोपणे टाळतात, कारण झोप लागणे त्यांच्यासाठी धोक्याचे असते. जुन्या दिल्लीत थंडीच्या दिवसांत रात्रीपुरती रजई भाड्याने देणारे ठेकेदार आहेत. म्हणजे पदपथावर झोपणारा माणूसही एका अर्थाने भाडेकरू असतो. हातात वही घेतलेला शिक्षक रात्री दहा वाजता अशा ठिकाणी पोहोचला, तर त्याला यांतले काय दिसेल? पोलीस आले असे समजून निम्मे लोक आधीच उठून गेलेले असतात.

या जुन्या कोड्याला आता ताजे निमित्त आहे. तब्बल सोळा वर्षांनी देशाची जनगणना होत आहे. घरयादीचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, तर प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची असून १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा संदर्भक्षण आहे. जातनिहाय गणना आणि मोबाइलवरील नोंदणी यांवर भरपूर चर्चा झाली. घर नसलेल्यांची मोजणी कशी होणार, हा विषय मात्र त्या चर्चेत जवळपास नाही. मागील दोन्ही जनगणनांत ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली होती.

त्या एका रात्रीच्या हिशेबानुसार २००१ साली देशात १९ लाख ४३ हजार, तर २०११ साली १७ लाख ७३ हजार माणसे घराविना होती. एकूण आकडा घटल्याचे समाधान वरवरचे आहे. या दहा वर्षांत ग्रामीण भागातील संख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटली, पण शहरांतील संख्या वीस टक्क्यांहून अधिक वाढून ९ लाख ३८ हजारांवर गेली. गोव्यात २००१ साली असे लोक पाच हजारांहून थोडे अधिक होते, २०११ साली ते तीन हजारांच्या आसपास आले. गोव्यासारख्या राज्यात ही घट सुखावणारी वाटते. ती का झाली, हे लोक गेले कुठे आणि उरलेले कोण होते, याविषयी जनगणनेचे तक्ते काहीही सांगत नाहीत. ते सांगणे हे जनगणनेचे कामही नव्हे.

हे काम दुसऱ्या प्रकारच्या संशोधनाचे आहे. ज्या वस्तीचा प्रश्न आहे तिथल्या लोकांना सोबत घेऊन, त्यांच्या वेळेला, त्यांच्या भाषेत आणि बऱ्याचदा त्यांच्याच हातांनी केलेली पाहणी, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. विद्यापीठीय परिभाषेत त्याला लोकसहभागी किंवा समुदायाधारित संशोधन म्हणतात. नाव जड असले, तरी मूळ कल्पना सोपी आहे: ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे, त्याला त्या प्रसंगाची कारणे बाहेरच्या माणसापेक्षा काही बाबतींत अधिक ठाऊक असतात. या पद्धतीचा भारतातील सर्वांत बोलका दाखला मुंबईत घडला, आणि त्याची पार्श्वभूमी एका न्यायालयीन लढ्याची आहे.

जुलै १९८१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात, २३ जुलैला, झोपड्या पाडायला सुरुवात झाली आणि काही कुटुंबांना बसमध्ये बसवून शहराबाहेर धाडण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावर राहणारे काही रहिवासी न्यायालयात गेले. अर्जदारांत संगमनेरहून आलेला एक चर्मकार होता. गावात त्याचे दिवसाचे उत्पन्न सात-आठ रुपये. तिथले घर पडल्यावर तो १९६९ साली मुंबईत आला आणि महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या पदपथावरची जागा मिळवण्यासाठी त्याने स्थानिक गुंडाला तीनशे रुपये मोजले होते. बांबू आणि प्लास्टिकला त्याहून अधिक खर्च आला. हा सारा तपशील निकालपत्रात आहे. पदपथ फुकट मिळतो, असे मानणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी, म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्या निकालाने मान्य केले आणि घटनेच्या अभ्यासात तो त्याच वाक्यासाठी शिकवला जातो. पदपथावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने निकालाचा दुसरा भाग अधिक तातडीचा होता. पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही. योग्य पूर्वसूचना देऊन महापालिका झोपड्या हटवू शकते. मात्र ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी तसे करू नये. १९७६ साली झालेल्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती, त्यांना पर्यायी जागेचा आधार होता. पदपथावरचे बहुतेक लोक त्या गणनेत नव्हतेच. सरकारी दृष्टीने झोपडपट्टी ही जमिनीवर असते. पदपथ ही वस्ती नव्हे, तो रस्त्याचा भाग. त्यामुळे शहराच्या मधोमध वर्षानुवर्षे राहूनही हे लोक एकाही यादीत नव्हते.

निकाल आणि हातोडा यांच्यामध्ये साडेतीन महिने होते. भायखळ्यात महापालिकेच्या दवाखान्यामागच्या एका गॅरेजमध्ये वर्षभरापूर्वीच ‘स्पार्क’ नावाची संस्था सुरू झाली होती. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या साडेतीन महिन्यांत मोर्चा काढण्याऐवजी मोजणी करण्याचे ठरवले. पदपथांवरच्या बायकांच्या साथीने मुख्यतः भायखळा परिसरातील आणि काही प्रमुख रस्त्यांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची, म्हणजे जवळपास सत्तावीस हजार माणसांची पाहणी झाली. तिचा अहवाल ‘वुई द इनव्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘आम्ही, न दिसणारे’ हे नाव भावनिक वाटते, परंतु यादीत नसणे या प्रशासकीय वस्तुस्थितीचे ते अचूक वर्णन होते.

अहवालाने शहराचे काही ठाम समज मोडले. पदपथावरची माणसे आज आली आणि उद्या जातील, हा त्यांतला पहिला. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबे दहा-दहा वर्षे, काही त्याहूनही अधिक काळ एकाच ठिकाणी राहत होती. मुले तिथेच जन्मली होती. हे लोक भीक मागतात किंवा चोऱ्या करतात, हा दुसरा समज. पाहणीत आढळले ते हमाल, हातगाडीवाले, घरकाम करणाऱ्या बाया, फेरीवाले आणि छोट्या कारखान्यांतील मजूर. गावी परत पाठवले की प्रश्न सुटेल, हा तिसरा आणि सर्वांत लाडका समज. कुटुंबे आली होती ती देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांतून, जमीन गेल्यामुळे किंवा जमीन नसल्यामुळेच. परत जाण्यासारखे तिथे काही उरलेले नव्हते.

या सर्वांहून महत्त्वाचे होते ते एक उत्तर, जे बाहेरच्या पाहणीकाराने बहुधा विचारलेच नसते. कामावर कसे जाता? चालत. बस किंवा लोकलचे भाडे दिले, तर मजुरीतला मोठा वाटा त्यातच जाईल, म्हणून घाऊक बाजार, गोदी आणि गिरण्यांच्या चालण्याच्या अंतरात राहणे भाग. घर नसणे हा त्या कुटुंबांनी, मिळेल त्या पर्यायांतून, केलेला हिशेब होता: दूर कुठेतरी छप्पर आणि रोजगार नाही, की इथे रोजगार आणि छप्पर नाही. या एका उत्तराने बेघरपणाचा प्रश्न घरबांधणीच्या खात्यातून काढून जमीन, मजुरी आणि वाहतूक यांच्या मध्यभागी आणून ठेवला. शहराबाहेर स्वस्त घरे बांधूनही ती ओस का पडतात आणि मिळालेले घर विकून माणूस पुन्हा रस्त्यावर का येतो, याचे स्पष्टीकरण त्यात होते. त्यापूर्वी त्याला ‘लबाडी’ असे सुटसुटीत नाव होते.

पाहणीचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. १९८६ साली पदपथावरच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि स्पार्क यांच्याशी तिची युती झाली. रोज रुपया-दोन रुपये बचत, घराचे नकाशे स्वतः काढणे, मोकळ्या सरकारी जमिनींचा शोध घेणे, अशी कामे या बायका शिकल्या. आपली गणना आपण करायची, ती सरकारपुढे ठेवायची आणि सरकारच्या यादीशी ताडून पाहायची, ही रीत पुढे रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांनी उचलली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात हजारो कुटुंबांचे पुनर्वसन होताना अशा याद्यांचा उपयोग झाला. १९९५ साली अफजलपूरकर समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात पदपथवासीयांना प्रथमच पात्र मानण्यात आले. म्हणजे, अदृश्य माणसाला सरकारी कागदावर रकाना मिळायला पाहणीनंतर दहा वर्षे लागली.

मात्र या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. यादी तयार झाली की तिच्या कडेला रेघ पडते. अमुक तारखेपूर्वीचा तो पात्र, नंतरचा तो अपात्र, आणि अपात्र माणूस पुन्हा न दिसणाऱ्यांत जमा. वस्तीतल्या माणसांनी केलेली यादीही निर्दोष असते असे नाही. वस्तीचा पुढारी, त्याचे नातलग, त्याला न मानणारे, भाड्याने राहणारे आणि एकट्या बायका यांची वस्तीच्या आतही उतरंड असते, आणि यादी हातात असलेला माणूस त्या उतरंडीतूनच आलेला असतो. लोकांनी केले म्हणून ते आपोआप खरे, हा भाबडेपणा चळवळींना परवडत असेल, धोरणाला परवडत नाही. म्हणूनच याद्या वस्तीत उघड वाचून दाखवणे, हरकती घेणे आणि दुरुस्त करणे हा चांगल्या लोकसंशोधनाचा अविभाज्य भाग मानला जातो.

आणि घर मिळाल्यावरही प्रश्न विचारणे थांबवता येत नाही. मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत हजारो कुटुंबे पक्क्या इमारतींत गेली. कागदोपत्री त्यांचा प्रश्न सुटला होता. तिथे आरोग्यसेवा देणाऱ्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेला क्षयरोगाचे रुग्ण विलक्षण संख्येने आढळू लागले. संस्थेने घरोघर जाऊन केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगाचा संबंध इमारतींच्या रचनेशी जोडला गेला: दोन इमारतींमध्ये जेमतेम काही फुटांचे अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. हे रहिवाशांना आधीच ठाऊक होते. दिवसाही दिवा लावावा लागतो, अशी तक्रार ते करीत होते. ती तक्रार आणि क्षयाच्या रुग्णांची नोंद शेजारीशेजारी ठेवेपर्यंत ती केवळ कुरकुर होती.

कुरकुर आणि पुरावा यांतले हे अंतर किती मोठे असू शकते, याचा सर्वांत धक्कादायक अनुभव महाराष्ट्राने गडचिरोलीत घेतला आहे. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले, त्यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या केवळ आठ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समजूत होती. आजार होता, वेदना होती; विचारणारे कोणी नव्हते. गावाने विश्वास टाकला म्हणूनच ती तपासणी होऊ शकली. विश्वासाशिवाय ९२ टक्क्यांचा आकडा शून्याजवळ आला असता आणि तोही शास्त्रीय म्हणून छापला गेला असता.

गोव्यात या प्रकारचे संशोधन झालेच नाही, असे नाही. त्याचा सर्वांत महत्त्वाचा नमुना वास्कोच्या बायणा किनाऱ्याशी जोडलेला आहे. तो आज फारसा आठवला जात नाही, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत.

बायणा ही गोव्यातील वेश्यावस्ती होती. जून २००४ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सरकारने तिथली बांधकामे जमीनदोस्त केली. अनेकांनी त्या कारवाईचे स्वागत केले. गोव्याच्या नावाला लागलेला डाग पुसला गेला, ही भावना व्यापक होती आणि स्त्रियांच्या शोषणाविरुद्ध लढणाऱ्यांमध्येही तिला प्रामाणिक पाठिंबा होता. योगायोग असा की, लंडनमधील संशोधक आणि गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेशी संबंधित तज्ज्ञ यांचा एक गट त्याच सुमारास तिथे एचआयव्ही प्रतिबंधाचा अभ्यास करीत होता. डोळ्यांदेखत वस्ती पडली. गटाने काम थांबवले नाही. विखुरलेल्या स्त्रियांचा माग काढला.

माग काढण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांचा पत्ता नाही आणि ज्यांना सापडायचे नाही, त्यांची नमुना पाहणी कशी करायची? काही स्त्रियांना ठरावीक संख्येने कुपने दिली जातात; त्या आपल्या ओळखीच्या स्त्रियांना ती देतात, त्या पुढे आणखी काहींना. अशा रीतीने, ओळखीच्या धाग्याने, पण गणिती शिस्त न सोडता नमुना वाढत जातो. गोव्यात या मार्गाने ३२६ स्त्रियांपर्यंत पोहोचता आले. त्यांच्यापैकी २५.७ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. गेल्या तीन महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्या जवळपास १९ टक्के, म्हणजे पाचांतली एक.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत या गटाने दाखवले की, वस्ती पाडल्याने व्यवसाय संपला नाही, त्याचे रूप बदलले. एका जागी असलेला, ओळखीचा आणि निदान आरोग्यसेविकेला पोहोचता येईल असा व्यवसाय रस्त्यांवर, लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत पांगला. निरोधवाटप आणि तपासणी यांची साखळी तुटली. एकमेकींच्या आधाराने राहणाऱ्या स्त्रिया एकट्या पडल्या, आणि एकटीची हिंसा कोणाला दिसत नाही. कारवाईपूर्वी घर आणि काम या दोन्हींची एकच जागा होती. ती गेल्यावर दोन्ही एकदम गेली. किनारा मोकळा झाला, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न सुटल्यासारखा दिसला. आतून पाहणाऱ्याला तो राज्यभर पसरलेला दिसत होता.

हा अभ्यास कारवाई चूक ठरवण्यासाठी झाला नव्हता आणि त्यातून एवढाच निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शोषणाचा अड्डा तसाच चालू ठेवावा, असे त्यात कुठेही सुचवलेले नाही. पाडकामाआधी त्या स्त्रियांशी बोलणे झाले असते, त्या कुठे जातील हे विचारले गेले असते, तर पुनर्वसनाची योजना निदान खऱ्या माणसांवर बेतता आली असती, एवढा त्याचा अर्थ. वीस वर्षांनंतरही गोव्यात अतिक्रमण हटवण्याचा प्रश्न आला की चर्चा बांधकामाच्या वयाची होते, आतल्या माणसाची क्वचितच.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सप्टेंबर २०२४ मध्ये सासष्टीतील कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ आली. मृत्यू झाले ते ट्रॉलरवर काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचे. ओडिशा, झारखंड यांसारख्या राज्यांतून आलेले हे कामगार हंगामभर ट्रॉलरवरच राहतात, तिथेच रांधतात, तिथेच झोपतात. एकेका मोठ्या ट्रॉलरवर तीसेक माणसे, आणि जेटीवर पुरेशी शौचालये नाहीत, पिण्याच्या पाण्याची धड सोय नाही. साथ आल्यावर राज्याला हे एकदम दिसले. गोव्याच्या ताटात रोज पडणारी मासळी ज्यांच्या हातून येते, ते रात्री कुठे पाठ टेकतात, हा प्रश्न त्याआधी कोणत्याही सरकारी पाहणीत गंभीरपणे आलेला नव्हता.

असा खलाशी बेघर आहे काय? जनगणनेच्या भाषेत घर नसलेले म्हणजे इमारतीत न राहता रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवस्थानाच्या मोकळ्या जागेत किंवा रेल्वे फलाटावर राहणारे. त्या यादीत ट्रॉलरचे नाव नाही. बांधकामाच्या जागेवर अर्धवट इमारतीत झोपणाऱ्या गवंड्याचे काय? खानावळ बंद झाल्यावर टेबले सरकवून तिथेच अंथरूण टाकणाऱ्या पोऱ्याचे काय? त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, पण नोकरी गेली की त्याच क्षणी छप्परही जाते. मडगाव वा म्हापशाच्या बाजारात पहाटे ओझी वाहणारा आणि दुपारी दुकानाच्या फळीवर लवंडणारा हमाल कोणत्या रकान्यात? गोव्यातील बेघरपणाचे बहुतांश रूप हे असे कामाशी शिवलेले आहे. पुलाखालच्या कुटुंबाची वाट पाहत बसलेल्या गणनेला ते सापडणार नाही, आणि मग तीन हजारांचा आकडा आणखी खाली आला म्हणून आनंदही व्यक्त होईल.

याच गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार पाचव्या हिश्शाहून अधिक घरे रिकामी होती. हे प्रमाण देशात सर्वाधिक गणले गेले. परदेशी गेलेल्यांची कुलूपबंद घरे आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट यांचा त्यात मोठा वाटा. दुसरीकडे, सरकारी आणि कोमुनिदाद जमिनींवरील जुनी घरे नियमित करण्यासाठी गतवर्षी ‘माझे घर’ योजना आली. तिच्याभोवती ‘भायले’ की गोंयकार हा वाद पेटला. तो वाद खोटा नाही. लहान राज्याला आपल्या जमिनीची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण योजनेचे समर्थक आणि विरोधक दोघेही ज्यांच्याकडे निदान बेकायदा का होईना, घर आहे त्यांच्याविषयी बोलत आहेत. ज्याच्याकडे नियमित करायला भिंतच नाही, तो या वादाच्या कोणत्याही बाजूला नाही. तो कोण, किती वर्षे इथे आहे, मूळचा कुठला, यातले गोमंतकीय किती, हे आकडे कोणत्याच पक्षाच्या हाती नाहीत. ते नसल्यामुळे दोन्ही बाजूंना हवे ते बोलता येते, हा एक सोयीचा भाग.

केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान पन्नास माणसांचे एक चोवीस तास चालणारे निवारागृह अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिल्लीच्या थंडीत दिलेल्या आदेशांतून हा निकष घडला. पन्नास खाटांची खोली कुठे उभारायची, हे मात्र निकष सांगत नाही. ती शहराच्या टोकाला, बाजारापासून तीन किलोमीटरवर उभारली आणि रिकामी राहिली, तर ‘गोव्यात बेघर नाहीतच’ असा शेरा फाईलवर पडायला वेळ लागणार नाही. भायखळ्याच्या बायकांनी १९८५ साली दिलेले उत्तर, चालत जाण्याच्या अंतराचे, त्या फाईलमध्ये असायला हवे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. राज्यात समाजकार्य शिकवणारी महाविद्यालये आहेत, निराधारांना रस्त्यावरून उचलून आसरा देणाऱ्या संस्था आहेत, जेटीवर रोज जाणारे आरोग्यसेवक आहेत. लोकगणनेपूर्वी या मंडळींनी खलाशी, हमाल आणि बांधकाम मजूर यांच्यातल्याच काहींना सोबत घेऊन झोपण्याच्या जागांचा नकाशा तयार केला, तर प्रगणकाला कुठे आणि किती वाजता जायचे हे तरी कळेल. नकाशात माणसांची नावे नसावीत. ती असली, तर उद्या तोच कागद पोलिसी पडताळणीच्या कामी येईल आणि परवा कोणी बोलणार नाही. माहिती देणाऱ्याला तिचा काय उपयोग होणार, हे आधी सांगणे आणि निष्कर्ष त्याच्याच भाषेत, म्हणजे ओडिया, हिंदी किंवा कन्नडमध्ये, परत नेऊन दाखवणे ही किमान अट.

वेळ मात्र थोडा आहे आणि समुद्राचे वेळापत्रक जनगणनेच्या वेळापत्रकाला विचारून ठरत नाही. गोव्यात मासेमारीबंदी असते ती १ जून ते ३१ जुलै. तेव्हा हे कामगार आपापल्या गावी गेलेले असतात. फेब्रुवारी हा भर हंगाम. प्रथेप्रमाणे २८ तारखेची रात्र मोजणीसाठी ठरली, तर प्रगणक जेटीवर पोहोचतील तेव्हा अनेक ट्रॉलर खोल पाण्यात असतील, आणि ते परततील तेव्हा वही मिटलेली असेल.